पाव फ्रीझरमध्ये ठेवण्याच्या झिप पिशव्या : वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

आम्ही ठाण्यात राहतो आणि घरात आता आम्ही दोघेच आहोत. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून आमचा स्वयंपाक निम्म्यावर आला, भाजी पावकिलोने येऊ लागली, दुधाची एक पिशवी कमी झाली; ब्रेडचे पाकीट मात्र ४०० ग्रॅमचेच राहिले, कारण आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात लहान पाकीट क्वचितच मिळते. या पाकिटात १६ काप असतात. दोघांच्या न्याहारीला चार काप पुरतात आणि तेही आठवड्यातून दोन-तीन दिवसच, त्यामुळे शेवटचे पाच-सहा काप नेमाने वाया जात. उन्हाळ्यात ते वाळत आणि पावसाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशीच त्यांच्या कडेला हिरवट-पांढरी बुरशी दिसू लागे. बुरशीचा भाग काढून उरलेला काप भाजून खाण्याची सवय पुष्कळ घरांत आहे, पण ती सोडायला हवी. ब्रेड सच्छिद्र असतो आणि वरचा डाग डोळ्यांना दिसेपर्यंत बुरशीचे तंतू आत बरेच दूर पोहोचलेले असतात. मी असे काप टाकून देत असे, आणि दर वेळी मनाला लागे.

शिळ्या पोळीची फोडणीची पोळी होते, भाताचा फोडणीचा भात होतो, भाकरीचा कुस्करा होतो. ब्रेडचाही उपमा होतो आणि तो आम्हाला आवडतो, पण दर शनिवारी केवळ ब्रेड उरला म्हणून उपमा करायचा, त्यासाठी कांदा-टोमॅटो आणि तेल खर्ची घालायचे, हे मला पटेना. गेल्या वर्षी पाऊस सुरू होण्याच्या सुमारास बाजारपेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानात फ्रीझरसाठीच्या जाड झिप पिशव्या दिसल्या आणि मी त्यांचे एक पाकीट घेतले. वर्षभर मी त्यांत ब्रेड, लादी पाव, कडक पाव, बन आणि गोव्याहून आणलेल्या पोया, म्हणजे तिथले चपटे पाव, ठेवल्या. त्या अनुभवावर हा अभिप्राय आधारलेला आहे. कंपनीचे नाव मी देत नाही. अशा पिशव्या अनेक कंपन्यांच्या मिळतात आणि विकत घेताना काय पाहायचे ते सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

पाकिटात २० पिशव्या होत्या आणि मला ते २४० रुपयांना पडले, म्हणजे एक पिशवी १२ रुपयांना. पिशवी साधारण २७ सेंटिमीटर रुंद आणि जवळजवळ तितकीच उंच आहे. जाडी पाकिटावर ७० मायक्रॉन अशी छापलेली आहे. तोंडाशी दुहेरी झिप आहे, म्हणजे एकाखाली एक अशा दोन पट्ट्या बोटाने दाबून बंद करायच्या. वर पांढरी पट्टी आहे, तिच्यावर तारीख लिहिता येते. याच दुकानात पातळ, एकेरी झिपच्या पिशव्या जवळजवळ निम्म्या किमतीला होत्या. त्या डब्यासाठी किंवा कोथिंबिरीसाठी ठीक असतील, परंतु फ्रीझरच्या थंडीत पातळ प्लास्टिक कडक होते आणि घडीवर चिरते, म्हणून जाड पिशवीचे चार पैसे जास्त देणे योग्यच आहे.

पिशवीचे गुणदोष सांगण्याआधी ब्रेड शिळा कसा होतो ते सांगावे लागेल, कारण ते ठाऊक नसल्यामुळे मी कित्येक वर्षे उलटेच करत होते. उरलेला ब्रेड मी फ्रिजच्या खालच्या भागात, दुधाशेजारी ठेवत असे. तिथे बुरशी उशिरा येते हे खरे. पण दुसऱ्याच दिवशी काप कोरडा आणि भुरभुरीत लागतो, आणि आम्ही म्हणत असू की फ्रिजने ब्रेड सुकवला. वास्तविक ब्रेड शिळा होणे आणि सुकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाँ-बातिस्त बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ मध्येच दाखवून दिले होते की, पाण्याचा अंशही कमी होऊ न देता बंद करून ठेवलेला पावसुद्धा शिळा होतो आणि पुन्हा तापवला की तो मऊ होतो. भाजताना कणकेतल्या पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात व सैल होतात; पाव थंड झाल्यावर ते कण हळूहळू पुन्हा घट्ट रचना धरू लागतात आणि मऊ गर ताठ होतो. ही घडण सर्वांत वेगाने होते ती गोठणबिंदूच्या थोडे वर, म्हणजे नेमकी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात असते त्या तापमानाला. उणे १८ अंशांवर मात्र ती जवळजवळ थांबते आणि बुरशीही वाढत नाही. म्हणून ब्रेडला जागा दोनच : दोन दिवसांत संपणार असेल तर ओट्यावरचा डबा, नाहीतर फ्रीझर.

यातून आणखी एक गोष्ट निघते आणि या सगळ्या प्रकारात माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. फ्रीझर पाव आहे तिथे थांबवतो. तो त्याला मागे नेत नाही. चौथ्या दिवशी, आता हा काही संपत नाही असे लक्षात आल्यावर, जो ब्रेड फ्रीझरमध्ये जातो तो महिन्याने चौथ्या दिवसाचाच ब्रेड म्हणून बाहेर येतो. मी पहिले दोन महिने हेच करत होते आणि पिशव्यांना नावे ठेवत होते. आता पाकीट घरी आले की त्याच दिवशी उघडते, दोन दिवसांचे आठ काप बाहेर ठेवते आणि उरलेले आठ तडक फ्रीझरमध्ये टाकते. एवढ्या एका बदलाने जो फरक पडला तो कोणत्याही महागड्या पिशवीने पडला नसता.

तुमचा फ्रीझर किती थंड होतो हेही पाहून घ्यावे. फ्रीझरच्या दारावर किंवा माहितीपत्रकात कधी कधी ताऱ्यांची खूण असते : एक तारा म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२ आणि तीन म्हणजे उणे १८. आपल्याकडे फ्रिजवर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे मोठ्या अक्षरांत चिकटवलेले असतात, ते विजेच्या बचतीचे असतात आणि त्यांचा फ्रीझरच्या थंडाव्याशी संबंध नाही. दुकानातले विक्रेतेसुद्धा या दोहोंची गल्लत करतात. आमचा फ्रिज दोन दारांचा, बर्फ न साचणारा आहे आणि त्यात ठेवलेला लहानसा तापमापक बहुतेक वेळ उणे १७ ते उणे १९ दाखवतो. माझ्या सासूबाईंच्या घरी जुना एका दाराचा फ्रिज आहे, त्याच्या आतल्या लहान कप्प्यात इतकी थंडी होत नाही. तिथे ठेवलेला ब्रेड आठ-दहा दिवस चांगला राहतो, त्यापुढे त्याची चव उतरते. ज्यांच्याकडे असा फ्रिज आहे त्यांनी महिन्याची साठवण करण्याच्या भरीस पडू नये.

आता पिशवीची परीक्षा. श्रावणात मी एकाच पाकिटातले काप चार ठिकाणी ठेवले : चार काप ब्रेडच्या मूळ वेष्टनात रबर लावून, चार या झिप पिशवीत, चार घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात आणि चार एका सिलिकॉनच्या पिशवीत, जी मला मुलीने दिली होती. चारही फ्रीझरच्या एकाच खणात ठेवले आणि त्यांच्या शेजारी, आमच्या घरात नेहमी असते तशी, साफ केलेली कोळंबी होती. तीन आठवड्यांनी सगळे बाहेर काढले. मूळ वेष्टनातल्या कापांवर बर्फाची बारीक रवाळ साय धरली होती, कडा पांढुरक्या आणि कोरड्या पडल्या होत्या आणि भाजल्यानंतरही त्यांना फ्रीझरचा, किंचित माशाचा वास येत होता. स्टीलच्या डब्यातल्या कापांना वास नव्हता, पण झाकणाच्या आतल्या बाजूला भरपूर बर्फ जमला होता आणि वरचा काप वातड झाला होता. सिलिकॉनच्या पिशवीत काप चांगले राहिले, पण त्यांना मसाल्याचा पुसट वास लागला, कारण त्या पिशवीत आधी वाटण ठेवले होते आणि सिलिकॉनला लागलेला वास धुतल्याने सहजासहजी जात नाही. झिप पिशवीतले काप भाजल्यावर ताज्या ब्रेडपासून वेगळे ओळखता आले नाहीत. कोणते कुठले हे न सांगता मी ते माझ्या पतींना खायला दिले होते आणि त्यांनी हाच काप सर्वांत चांगला म्हणून निवडला.

याचे कारण पिशवीत उरलेल्या हवेत आहे. बर्फ न साचणाऱ्या फ्रीझरमध्ये ठरावीक वेळाने आतील नळी तापवून तिच्यावरचा बर्फ वितळवला जातो, त्यामुळे आतले तापमान थोडे वरखाली होत राहते. दर चढउताराला ब्रेडमधले थोडे पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते आणि भोवतालच्या मोकळ्या जागेत बर्फ होऊन बसते. भोवती जागाच नसेल तर पाणी जायला वाव राहत नाही. डब्यात ही मोकळी जागा सर्वांत जास्त असते, आणि म्हणून डबा कितीही घट्ट असला तरी पावासाठी तो पिशवीच्या मागेच राहतो. ज्यांना प्लास्टिक अजिबात वापरायचे नाही त्यांनी डबाच वापरावा, पण तो पावाने पूर्ण भरेल इतक्याच मापाचा घ्यावा आणि पंधरा दिवसांच्या आत संपवावा.

भरण्याची माझी पद्धत अशी आहे. चार-चार कापांच्या दोन थप्प्या पिशवीत शेजारी-शेजारी ठेवते आणि प्रत्येक काप आधीच्या कापापेक्षा थोडा सरकवून, पायऱ्यांसारखा ठेवते, म्हणजे गोठल्यावर ते एकमेकांना घट्ट चिकटत नाहीत आणि हवा तेवढा एक काप सुरीच्या बोथट पात्याने सुटा करता येतो. झिप एका टोकापर्यंत लावून उरलेल्या बोटभर फटीतून तळहाताने हवा बाहेर सारते आणि मग ती फट बंद करते. पाण्याच्या पातेल्यात पिशवी तोंडापर्यंत बुडवून हवा काढण्याचीही एक युक्ती आहे. मांसासाठी ती उत्तम आहे, पण मऊ पाव त्या दाबाने चेपतो, म्हणून मी ती पावासाठी वापरत नाही. पहिल्या रात्री पिशवी आडवी, फ्रीझरच्या तळाला टेकवून ठेवते, तिच्यावर दुसरे काही रचत नाही. पाव लवकर गोठला पाहिजे, कारण शिळेपणा वाढवणाऱ्या त्या तापमानातून त्याला उतरतानाही जावेच लागते आणि तिथे तो जितका कमी वेळ राहील तितके चांगले. दुसऱ्या दिवशी पिशव्या पुस्तकांसारख्या उभ्या लावल्या तरी चालतात.

पाकिटातल्या ब्रेडपेक्षा लादी पावाने मला जास्त शिकवले. आमच्या भागातल्या बेकरीत संध्याकाळी लादी निघते आणि ती गरम असतानाच घेण्याचा मोह कोणाला होत नाही? परंतु गरम पाव पिशवीत घातला की त्याच्या वाफेचाच बर्फ होतो आणि सोडवताना पाव खालून ओला, चिकट होतो. म्हणून लादी घरी आणल्यावर दोन तास जाळीवर, वरून पातळ कापड टाकून निवू द्यावी. लादी सुटी करू नये. पाव एकमेकांपासून तोडले की त्यांची आतली मऊ बाजू उघडी पडते आणि तिथून ते आधी सुकतात. सहा पावांचा जोडलेला तुकडा या पिशवीत नेमका बसतो आणि वरखालच्या तांबूस सालीमुळे सुरक्षित राहतो. पावभाजीसाठी पाव ठेवायचे असतील तर मात्र ते आधीच मधोमध चिरून घ्यावेत, कारण गोठलेला पाव चिरायला गेलो की त्याचा भुगा होतो. असे पाव चार आठवड्यांपर्यंत मला निर्दोष वाटले. सहाव्या आठवड्यात ते खाण्यालायक होते, पण बेकरीच्या पावाला येणारा तो आंबूस-गोड वास गेला होता.

कडक पावाने, म्हणजे ब्रूनने, निराशा केली. गोठवून सोडवलेल्या ब्रूनची जाड, कडकडीत साल आतल्या गरापासून सुटते आणि सुरी लावताच तिच्या खपल्या पडतात. ओव्हनमध्ये पाण्याचा हलका हबका मारून पाच-सहा मिनिटे तापवला तर तो बराच सुधारतो, तरीही मस्का लावून चहात बुडवायचा ब्रून त्याच दिवशीचा असावा, असेच मी म्हणेन. बन पाव, मग तो साधा असो की टूटीफ्रूटीचा, फार चांगला राहतो. त्यात साखर आणि तूप-तेल असल्याने तो मऊपणा सोडत नाही. खारी फ्रीझरमध्ये ठेवू नये, तिचे पापुद्रे दमट होतात आणि तिला कोरड्या डब्याशिवाय दुसरी जागा नाही.

सर्वांत मोठा आनंद पोयांनी दिला. माझी नणंद फोंड्याला राहते. तिच्या दारात संध्याकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येतो आणि त्याच्या टोपलीत गव्हाच्या कोंड्याने माखलेल्या, आतून पोकळ, चपट्या पोया असतात. उंडे नावाचे गोल पावही असतात, पण घरी न्यायला मी पोयाच घेते, कारण त्या कोंड्यामुळे आणि गव्हाच्या पिठामुळे तिला जी चव असते ती ठाण्यात कुठेच मिळत नाही. पूर्वी आम्ही संध्याकाळच्या पोया घेऊन कोकणकन्येने निघत असू, पहाटे ठाण्यात उतरत असू आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत त्या संपवण्याची घाई करत असू. उरलेल्या पोया चामड्यासारख्या होत. आता पोया घरी पोहोचल्याबरोबर दोन-दोनच्या जोडीने पिशवीत जातात. पोय पोकळ असल्यामुळे तिच्या पोटात हवा असतेच, म्हणून ती तळहाताने अलगद चपटी करून भरावी. तीन आठवड्यांनंतर लोखंडी तव्यावर, झाकण ठेवून, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी तापवलेली पोय आम्ही आंबोट-तिखटाबरोबर, म्हणजे माशांच्या आंबट-तिखट गोवन कालवणाबरोबर, खाल्ली तेव्हा नणंदेच्या अंगणातल्या संध्याकाळची आठवण झाली. मला याचे किती समाधान वाटले ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

सोडवण्याच्या बाबतीत लोक घाई करतात आणि दोष गोठवण्याला देतात. भाजायचा काप सोडवण्याची गरजच नसते. तो फ्रीझरमधून थेट टोस्टरमध्ये किंवा तव्यावर जातो आणि नेहमीपेक्षा मिनिटभरच जास्त घेतो. शिळ्या पावातला ताठ झालेला पिष्टाचा बांधा साधारण ६० अंशांच्या पुढे तापला की पुन्हा सैल होतो, म्हणून भाजलेला गोठवलेला काप ताज्यासारखा लागतो. चटणी-काकडीच्या सँडविचसाठी काप न भाजता हवे असतील तर पिशवी बंद ठेवूनच ती वीस मिनिटे ओट्यावर ठेवावी. पिशवी आधीच उघडली तर हवेतली आर्द्रता थंड कापांवर येऊन बसते आणि मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत काप पाच मिनिटांत ओलसर होतात. पिशवी बंद असेल तर हे दव तिच्या बाहेरच्या अंगावर जमते. लादी पावासाठी मला इडलीपात्र सर्वांत सोयीचे वाटते : उकळत्या पाण्यावर चाळणीत पाव ठेवून, झाकणाला फडके बांधून, तीन मिनिटे वाफ दिली की ते बेकरीतून आणल्यासारखे लुसलुशीत होतात. मायक्रोवेव्हमध्ये पंधरा सेकंदांत काम होते, मात्र तो पाव तत्काळ खावा लागतो, कारण निवताच तो रबरासारखा होतो.

मधुमेह असलेल्या एका शेजाऱ्यांनी मला विचारले की, गोठवलेल्या ब्रेडने साखर कमी वाढते हे खरे का. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड ब्रुक्स विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये दहा निरोगी व्यक्तींवर केलेल्या एका अभ्यासात, पांढरा ब्रेड गोठवून, सोडवून आणि भाजून खाल्ल्यावर रक्तातील साखरेची वाढ ताज्या ब्रेडच्या तुलनेत कमी आढळली होती. अभ्यास लहान होता आणि त्यात मधुमेही नव्हते, म्हणून एवढ्यावरून ब्रेड जास्त खाण्याची मोकळीक कोणी घेऊ नये. मी त्यांना हेच सांगितले.

आता पिशवीचे दोष. पहिला आणि मोठा दोष झिपचा. २० पैकी दोन पिशव्यांची झिप सुरुवातीपासूनच एका कोपऱ्यात नीट बसत नव्हती आणि बंद केल्यासारखी वाटूनही तिथून हवा शिरत होती. महिन्याभराने त्यांतला ब्रेड मूळ वेष्टनातल्याइतकाच खराब निघाला. नवीन पिशवी वापरण्यापूर्वी तिच्यात थोडी हवा कोंडून, झिप लावून, दाबून पाहावे, म्हणजे हा प्रकार लगेच कळतो. दुसरा दोष असा की, फ्रीझरमधून काढलेली गार पिशवी लगेच दुमडली तर घडीवर चिरते. तिला आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. तिसरा दोष पांढऱ्या पट्टीचा. तिच्यावर साध्या पेनाने लिहिलेले दवाने पुसले जाते आणि पक्क्या शाईच्या पेनाने लिहिलेले पुढच्या वेळी खोडता येत नाही. मी आता कागदी चिकटपट्टीवर तारीख लिहून ती कोरड्या पिशवीवर लावते आणि पिशवी रिकामी झाली की काढून टाकते. तारीख न लिहिता चालेल असे वाटते, पण चालत नाही. मी दोनदा तो प्रयोग केला आणि दोन्ही वेळा सर्वांत जुनी पिशवी खणाच्या तळाशी राहिली.

धुण्याचा प्रश्न वेगळाच आहे. पावाची पिशवी तेलकट होत नाही, म्हणून कोमट पाणी आणि थेंबभर साबण पुरतो, पण ती आतून वाळायला फार वेळ लागतो. उलटी करून पेल्यावर उभी घातली तरी पावसाळ्यात झिपच्या खाचेत पाणी राहते, आणि ओल राहिलेल्या पिशवीत भरलेला पाव म्हणजे पुन्हा बर्फ. त्यामुळे आषाढ-श्रावणात मी पिशवी दर वेळी धुण्याऐवजी आतला चुरा झटकून, कोरड्या फडक्याने पुसून, पुन्हा पावासाठीच वापरते. मासे किंवा मटण ठेवलेली पिशवी पावासाठी कधीही घेऊ नये, ती कितीही स्वच्छ धुतली असली तरी. आमच्याकडे पावाच्या पिशव्यांच्या कोपऱ्यावर निळी खूण केलेली आहे आणि कामाला येणाऱ्या ताईंनाही ती माहीत आहे.

भाद्रपदात एकदा आमच्याकडे नऊ तास वीज नव्हती. फ्रीझर भरलेला होता आणि आम्ही तो उघडला नाही, त्यामुळे तळाच्या पिशव्या घट्ट राहिल्या, दाराजवळचा ब्रेड मात्र मऊ पडला होता. असा ब्रेड पुन्हा गोठवला तर खाण्यास धोक्याचा होत नाही, पण त्याचा पोत बिघडतो, म्हणून तो त्याच दिवशी भाजून संपवला. त्यानंतर पावाच्या पिशव्या मी दारापासून दूर, मागच्या बाजूला ठेवते.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. ५० रुपयांच्या पाकिटातले पाच काप दर आठवड्याला टाकले जात, म्हणजे आठवड्याला १५ रुपये आणि वर्षाला साडेसातशे ते आठशे रुपये. वर्षभरात मी २० पैकी १२ पिशव्या वापरात आणल्या, म्हणजे १४४ रुपयांच्या, आणि त्यांतल्या सात अजून चालू आहेत. रक्कम लहान आहे हे मला कळते. पण संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले ६० टक्के घरांतून गेले. भारतातल्या घरांचा त्यातील अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोंचा आहे. लग्नाच्या पंगतीतली टाकलेली ताटे आपल्याला दिसतात आणि आपण हळहळतो, आठवड्याचे पाच काप मात्र आपल्या नजरेत भरत नाहीत. गेल्या ऑक्टोबरपासून आमच्या घरातून ब्रेडचा एकही काप कचऱ्यात गेलेला नाही, आणि ही गोष्ट मला आठशे रुपयांपेक्षा मोठी वाटते.

पाकिटाच्या दोन्ही टोकांचे जाड काप आमच्याकडे कोणी खात नाही. त्यांच्यासाठी एक वेगळी पिशवी ठेवली आहे. ती भरली की काप कढईत कोरडे भाजून मिक्सरमधून काढते आणि चुरा त्याच पिशवीत परत फ्रीझरमध्ये ठेवते. कोरडा असल्यामुळे तो गोठला तरी मोकळा राहतो आणि कटलेट किंवा पॅटिस करताना चमच्याने हवा तेवढा घेता येतो. या कामाला झिप सैल झालेली जुनी पिशवी चालते, कारण चुऱ्याला सुकण्याचे भय नाही. कोपऱ्यात फाटलेल्या पिशव्या धुऊन, वाळवून सुक्या कचऱ्यात देते.

पुढच्या वेळी मी हेच माप पुन्हा घेईन, पण सोबत चार कापांच्या मापाच्या लहान पिशव्यांचे एक पाकीटही घेईन. मोठी पिशवी दोन काप काढण्यासाठी दोन-तीनदा उघडली की दर वेळी दमट हवा आत शिरते आणि शेवटच्या कापांवर बर्फ दिसू लागतो. दोन माणसांच्या घरात एका न्याहारीला एक पिशवी हेच प्रमाण बरोबर ठरले. चार-पाच माणसांच्या घरात, जिथे पाकीट दोन दिवसांत संपते, तिथे या पिशव्या घेण्याचे काही कारण नाही, लादी पाव किंवा गावाकडचा पाव साठवायचा असेल तेवढा अपवाद.